लोखंडातून आधी कोण जातं

माझ्या थोरल्या जाऊबाई रसायनशास्त्र शिकवतात, आणि उद्या वर्गात जे शिकवायचं ते आज संध्याकाळी आधी मला शिकवतात. मी घरी शिवणकाम करते. माझं शिक्षण दहावीला थांबलं, तेही काठावर. पण त्यांचं म्हणणं असं की हुशार मुली उगाच हो-हो करतात आणि शिक्षक फसतो. मला जे कळतं ते मात्र सगळ्या वर्गाला कळतं. हे कौतुक आहे की अपमान, ते मी इतक्या वर्षांत ठरवलेलं नाही. मी मशीनवर बसलेली असते, त्या समोर स्टुलावर बसून भाजी निवडतात आणि बोलत राहतात. समजलं की मी "कळलं" म्हणते, आणि मग तो पाठ शाळेत जातो. नाही समजलं तर त्या भाजीची टोपली बाजूला ठेवून पहिल्यापासून सुरू करतात. त्या दिवशी जेवायला उशीर होतो आणि घरातले सगळे माझ्याकडे बघतात.

जावाजावांत हेवादावा असतो म्हणतात. आमच्यात तो नव्हता असं मी म्हणणार नाही, पण भांडायला लागणारा वेळ त्यांनी अणू-रेणूंतच घालवला.

त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा माझा नवरा अर्ध्या चड्डीत शाळेला जायचा. थोरल्या दिरांबरोबरचा त्यांचा संसार थोडक्या वर्षांचा झाला. दीर आजारपणात गेले, मूलबाळ नव्हतं. माहेरहून भाऊ न्यायला आला तर जाऊबाईंनी त्याला चहा दिला, विचारपूस केली आणि त्याला तसाच बसवून शाळेत गेल्या, कारण त्या दिवशी बारावीचं प्रात्यक्षिक होतं. भाऊ वाट बघून परत गेला. हे मला सासूबाईंनी सांगितलं, आणि सांगताना सून मनाची खंबीर निघाली की दगडाच्या काळजाची, हे त्यांचं त्यांनाही नक्की नव्हतं. धाकट्या दिराला म्हणजे माझ्या नवऱ्याला त्यांनीच शिकवलं. कान धरून शिकवलं, असं तो अजून कान चोळत सांगतो.

त्याचं लग्न ठरलं तेव्हा घराच्या मागच्या बाजूला एक खोली वाढवली. ती चांगली हवेशीर खोली जाऊबाईंनी आम्हाला दिली आणि स्वतः रस्त्याकडच्या, दाराला लागून असलेल्या खोलीत गेल्या. "मला पहाटे पेपर तपासायला उजेड लागतो," एवढंच म्हणाल्या. मी नवी नवरी होते. दिलं ते घेतलं आणि फार विचार केला नाही.

दिसायला त्या बुटक्या, अंगानं बारीक. वह्यांची पिशवी वाहून उजवा खांदा किंचित उतरलेला. बोटांवर कसल्या कसल्या रसायनांचे काळपट डाग, जे साबणाला दाद देत नाहीत. आवाज कधी चढत नाही. राग आला की त्या समोरच्याला "आपण" म्हणायला लागतात, आणि मग समोरच्यानं मुकाट्यानं उठून जावं हे बरं. सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालणं, गॅसवाल्याला फोन करणं, माझ्या मुलांचे दाखले शोधून देणं, हे सगळं त्यांच्याकडे. आमच्या घरात हरवलेली वस्तू कुणी शोधत नाही, सगळे जाऊबाईंना विचारतात.

संध्याकाळचे ते सगळे पाठ मला कळत गेले, एक सोडून. तो लोखंडाचा.

माझ्या डोक्यात जे बसलं होतं ते असं. अणूच्या मध्ये केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन. त्यांच्या बसायच्या जागा ठरलेल्या, आणि त्या जागांना इमारतीतल्या फ्लॅटसारखी नावं, चार-एस, तीन-डी वगैरे. लोखंड, तांबं, निकेल, क्रोमियम हे संक्रमण धातू. त्यांच्यात चार-एस आधी भरतं आणि मग तीन-डी. इथपर्यंत ठीक. पण धातू इलेक्ट्रॉन गमावतो आणि त्याचा आयन होतो तेव्हा आधी जातात ते चार-एसमधले. जे आधी आले तेच आधी बाहेर.

"हा कुठला न्याय?" मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं. "ज्यानं आधी येऊन जागा धरली त्यालाच आधी उठवायचं?"

"नियम आहे," जाऊबाई म्हणाल्या.

"नियम आहे म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."

त्या दिवशी मी "आपण" झाले होते. पण दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी तेच. पालथ्या घड्यावर पाणी. त्या अपवाद म्हणाल्या, पाठच करायचं असतं म्हणाल्या, एकदा तर "लोखंडाला विचार" असंही म्हणाल्या. नवरा या प्रकाराला "लोखंडाचं भांडण" म्हणायचा आणि ते सुरू झालं की मुलांना घेऊन बाहेर फिरायला जायचा. वर्षाकाठी तेवढा एक पाठ माझ्या "कळलं"शिवाय शाळेत जायचा, आणि परीक्षेत निम्म्या मुली नेमक्या तिथंच चुकायच्या. लोखंडातून दोन इलेक्ट्रॉन काढा म्हटलं की शेवटी भरलेल्या तीन-डीमधून काढून मोकळ्या. जाऊबाई पेपरांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकून म्हणायच्या, "घे, सगळ्या तुझ्या बहिणी."

मग या वर्षी तो फोन आला. दुसऱ्या शहरात शिक्षकांना शिकवायला तयार करणारी एक संस्था आहे. तिथल्या कुणीतरी जाऊबाईंचा वर्ग पूर्वी पाहिला होता. त्यांना तिथं शिकवायला बोलावलं, राहायला घरही देणार. निवड जवळजवळ झालेलीच होती. फक्त समितीपुढं एक नमुन्याचा पाठ घ्यायचा होता. विषयही त्यांनीच ठरवला: संक्रमण धातू इलेक्ट्रॉन गमावून आयन कसे बनतात. येणार की नाही ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं.

जेवताना त्यांनी हे सांगितलं. नवरा लगेच म्हणाला, "वहिनी, जा की. तुमच्यासाठीच आहे ते काम." आणि मग अर्ध्या जेवणावरून उठला. सासूबाई म्हणाल्या, "या वयात कुठं घर मांडत बसतेस?" मी मात्र फार छान छान बोलले. अभिमान, संधी, कष्टांचं चीज, जे जे सुचलं ते सगळं. मग मोरीत गेले, नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

हात पुसत बाहेर आले तर जाऊबाई उभ्या. म्हणाल्या, "धाकटे, एक सांगून ठेवते. हा पाठ तुला कळल्याशिवाय मी त्यांना हो म्हणणार नाही. ज्या विषयात घरच्या माणसाला समजावता आलं नाही, तो घेऊन शिक्षकांपुढं उभी राहू कुठल्या तोंडानं?"

म्हणजे त्यांचं जाणं माझ्या डोक्यावर येऊन पडलं. आणि ते डोकं तर लोखंडापुढं कधीचं बंद होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं.

त्या आठवड्यात त्या माझ्याशी फार बोलल्या नाहीत. एका कॉलेजच्या ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणली, जेवताना वाचली, सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालताना ओठांनी काहीतरी पुटपुटल्या. मी शनिवारची वाट बघत होते, म्हणजे शनिवार निघून जायची.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्या पिशवी खांद्यावर घेऊनच माझ्या मशीनपाशी आल्या.

"धाकटे, मी चुकत होते. नियम बरोबर होता. मी त्याच्यामागे जे सांगत होते ते चुकीचं होतं."

मी कोटाचं अस्तर बसवत होते. त्यांनी माझा बटणांचा डबा पाटावर उपडा केला, जे मी माझ्या मुलांनाही कधी करू दिलं नसतं. दोऱ्याचं रीळ मध्ये ठेवलं. "हे केंद्रक. लोखंडात सव्वीस इलेक्ट्रॉन. त्यातले अठरा पार आत, ते कुठं जात नाहीत, त्यांना विसर. राहिले आठ." मग दोन पांढरी बटणं घेऊन त्यांनी रिळापासून जरा लांब ठेवली. "पोटॅशियम, कॅल्शियम इथपर्यंत तीन-डीची जागा उंचावर असते, तिथं बसणं महाग पडतं. चार-एस स्वस्त. म्हणून पहिले दोन चार-एसमध्ये."

"इथपर्यंत मला दरवर्षी कळतं."

"इथपर्यंतच मी दरवर्षी बरोबर सांगत होते. पुढं मी धरून चालले की जागांची उंची एकदा ठरली ती ठरली. तक्त्यावर तशी छापलेली असते ना. पण तसं नसतं गं. पुढच्या प्रत्येक धातूत केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो, ओढ वाढते. तीन-डीची जागा आतल्या अंगाला, केंद्रकाजवळ. ओढ वाढली की तीच जास्त खाली येते. चार-एसच्याही खाली जाते." आणि त्यांनी सहा काळी बटणं रीळ आणि पांढरी बटणं यांच्यामध्ये मांडली. "पांढरी हलली का?"

"नाही."

"आहेत तिथंच आहेत. पण आता सगळ्यांत बाहेर कोण?"

"पांढरीच."

"केंद्रकाच्या ओढीच्या आड मध्ये कोण आलं?"

"काळी."

"मग ऑक्सिजनसारखं कुणी इलेक्ट्रॉन मागत आलं तर कोण सुटेल?"

मला एक खोच दिसली होती आणि ती सोडायची नव्हती. "आतली जागा स्वस्त झाली, तर ते दोघं उठून आत का जात नाहीत? मूर्ख आहेत का?"

जाऊबाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चुकून बरोबर उत्तर दिलं की काय. "हा प्रश्न तू आजवर विचारला नव्हतास. आत दाटी होते. तेवढ्याशा जागेत जितके जास्त बसतील तितके एकमेकांना ढकलतात. म्हणून दोघं बाहेर राहणं एकूण अणूला परवडतं."

सासूबाई पलंगावर पडून ऐकत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली. एवढं सांगायला एवढी बटणं कशाला सांडायची?"

"आई, तुम्हाला समितीवर घ्यायला हवं," जाऊबाई म्हणाल्या, आणि आम्ही तिघी हसलो.

हसता हसता मी हातातलं काम पुढं चालवलं. अस्तर जागेवर राहावं म्हणून सकाळी त्याला कच्चा टाका घातला होता, मघाशी वरून मशीनची शिलाई मारली होती, आणि आता तो कच्चा दोरा मी ओढून काढत होते. रोजचं काम. त्याकडे बघायचीही गरज नसते. पण त्या दिवशी बघितलं, आणि हात थांबला.

इथं मी गप्प बसू शकले असते. कुणाला काही कळलं नसतं. संध्याकाळ झाली असती, ती वेळ टळली असती आणि जाऊबाई दाराजवळच्या त्यांच्या खोलीत राहिल्या असत्या. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं. पण या बाईनं माझ्याशी इतकी वर्षं एकही शब्द वरवरचा बोललेला नव्हता, आणि त्यांच्यासमोर मला समजलेलं दडपून ठेवता येईना.

"ताई, कळलं."

"खोटं."

"नाही, खरंच."

"मग सांग."

मी कोट पुढं केला. "हा कच्चा टाका. आधी येतो, कारण तेव्हा कापडावर काहीच नसतं आणि हाच घालायला सोपा. मग पक्की शिलाई येते आणि कापड ती धरते. कच्चा दोरा आहे तिथंच असतो, पण आता वरवर राहिलेला. ओढलं की तोच आधी सुटतो. आधी आला म्हणून तो आधी जात नाही, ताई. बाहेर राहिला म्हणून जातो. कोण कधी आलं ही एक गोष्ट, आणि आता कोण किती घट्ट धरलेलं आहे ही वेगळी गोष्ट. तुम्ही मुलींना येण्याचा क्रम शिकवायचात आणि जाण्याचा त्यातूनच ओळखा म्हणायचात. त्या चुकणार नाहीत तर काय करतील?"

जाऊबाईंनी कोट हातात घेऊन दोरा बोटानं ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "कच्चा दोरा तू फेकून देतेस. इलेक्ट्रॉन फेकला जात नाही, कुणीतरी तो घेतंच. तेवढं सोडलं तर चालेल. आणि लोखंडानं तिसरा दिला तर?"

"पांढरी संपली. आता काळ्यातलं एक."

"उरले पाच. तीन-डीमध्ये खोल्याही पाचच."

"मग प्रत्येकाला स्वतंत्र खोली. सुखी झाले."

त्या हसल्या, पण मला हसू येईना. मला माझंच बोलणं ऐकू आलं होतं. या घरात आधी कोण आलं, सगळं जागेवर कुणी धरून ठेवलं, मागून येऊन आतली खोली कुणी घेतली, आणि आता बाहेर कोण चाललंय. सासूबाईंची म्हण कुणाला लागू होती ते मला जरा उशिरा कळलं.

"ताई, मी तुम्हाला बाहेर ढकललं का?"

"काय?"

"मी आले, मुलं झाली, घर भरलं. तुम्ही दाराशी गेलात. आता दाराबाहेर."

"आपण काय बोलता आहात याचा विचार करा," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःलाच आवरलं. "अगं, इलेक्ट्रॉनला मन नसतं. त्याला कुणी विचारत नाही, जातोस का म्हणून. ती खोली मी मागून घेतली, मला दाराजवळ आवडतं. आणि या लोकांनी मला विचारलंय. जायचं की नाही, ते मी ठरवणार आहे, तू नाहीस आणि लोखंडही नाही."

"मग ठरवायचं होतं ना. माझ्या कळण्यावर का टांगून ठेवलंत?"

त्या एकेक बटण उचलून डब्यात टाकू लागल्या. काळी, पांढरी, सगळी एकत्र.

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या.

"पाठ चुकेल याची?"

"पाठ नीट होईल याची." त्या बटणांकडेच बघत होत्या. "माहेरी आम्ही सात जण. तिथून इथं आले. आयुष्यात मी एक रात्र घरात एकटी काढलेली नाही, धाकटे. तुझं मशीन थांबलं की मला आपोआप जाग येते. तिथं जाऊन मी कुणाशी बोलू? मला खात्री होती, तुला हे कळायचं नाही. मग प्रश्नच मिटला असता, आणि दोष माझ्यावर आला नसता."

मला राग आला. इतकी वर्षं मला हवं तितकं शिकवून, शेवटी माझ्या मठ्ठपणावर भरवसा ठेवला होता या बाईनं. आणि त्या रागाच्या पाठोपाठ मायाही दाटून आली. या घरात घाबरायचा हक्क आम्हा सगळ्यांना होता, त्यांना नव्हता. तो त्यांना कुणी दिलाच नव्हता, मीही नाही.

"मलाही तेच हवं होतं," मी म्हटलं. "मला कळू नये, म्हणजे तुम्ही जाणार नाही. पण कळलं. आता परत न कळल्यासारखं करता येत नाही. तुम्ही गेलात तर मला फार एकटं वाटेल, ते मी लपवणार नाही. पण तुम्ही माझ्यामुळे राहिलात, तर रोज समोर स्टुलावर तुम्हाला बघताना मला तेच आठवेल."

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "थोरले, माझे डोळे धाकटीच्या हातानंही मिटतील. थेंब घालताना म्हणते मी." आणि कूस बदलून त्यांनी पाठ फिरवली.

जाऊबाई उठल्या. केस सारखे केले, चष्मा पुसला आणि फोन लावला. फोनवर त्या नेहमी उभ्या राहून बोलतात, वर्गात बोलावं तशा. "हो, मी येते आहे," त्या म्हणाल्या. "हो, तोच विषय. नाही, साहित्य काही लागणार नाही." पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलणारा होता, त्यामुळे पुढचा प्रश्न मलाही ऐकू आला. मिळणाऱ्या घरासाठी नोंद करायची आहे, राहणारी माणसं किती?

इतकी वर्षं शिकवणाऱ्या माझ्या जाऊबाई त्या प्रश्नाला अडल्या. फोन कानाला तसाच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. मी होकाराची मान हलवली.

"एकच," त्या म्हणाल्या.